‘रूल आउट सीओपीडी’ एवढंच लिहिलेल्या पीएफटीला निदानाचा कोड कोणता लावायचा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे नक्की होईल. तुम्ही पुण्यातून एका अमेरिकन हॉस्पिटलचं आउटपेशंट कोडिंग करता, म्हणजे दाखल न होता आलेल्या पेशंटच्या कागदांवरून विम्याच्या क्लेमसाठी कोड लावता. पीएफटीच्या, म्हणजे फुप्फुसाच्या कार्याच्या चाचणीच्या, ऑर्डरवर डॉक्टरांनी फक्त ‘रूल आउट सीओपीडी’ लिहिलंय, म्हणजे श्वासमार्ग अरुंद करणारा सीओपीडी हा जुनाट आजार नाही ना ते बघा. पेशंटची स्पायरोमेट्री (जोरात फुंकून करायची पीएफटी) झाली, ब्रॉन्कोडायलेटर, म्हणजे श्वासमार्ग मोकळा करणारं औषध, देऊन पुन्हा झाली. मशीनच्या प्रिंटवर ‘माइल्ड ऑब्स्ट्रक्शन’ (सौम्य अडथळा) आलं आणि पल्मोनोलॉजिस्टने (फुप्फुसतज्ज्ञाने) सही केलेल्या इंटरप्रिटेशनमध्ये ‘कन्सिस्टंट विथ सीओपीडी’ (सीओपीडीशी जुळणारं) असं आहे. सीनिअरच्या सांगण्यावरून तुम्ही जे४४.९, म्हणजे सीओपीडीचा कोड, लावला, क्यूएने (कोडिंग तपासणाऱ्या टीमने) तो एरर धरला. मग तशाच दुसऱ्या चार्टला तुम्ही फक्त आर९४.२, म्हणजे ॲबनॉर्मल पीएफटीचा कोड, लावला, तर तो क्लेम मेडिकल नेसेसिटीच्या कारणाने, म्हणजे चाचणीची गरज दिसत नाही म्हणून, डिनाय झाला. आता यातलं बरोबर काय, असं तुम्ही विचारताय.

क्यूएचं बरोबर आहे. आणि आर९४.२ एकटा पाठवल्यावर डिनायल येणं हेही होणारच होतं. दोन्ही वेळा निदान शोधलं गेलं ते चाचणीच्या निकालात. आउटपेशंट पीएफटीचा कोड बहुतेक वेळा ‘ही चाचणी का केली’ या प्रश्नाच्या उत्तरातून येतो, आणि ते उत्तर ऑर्डर देणाऱ्या डॉक्टरकडे असतं. मी कोडिंगमध्ये येण्याआधी पल्मोनरी लॅबमध्ये टेक्निशियन होते, आता ऑडिट करते. लॅबमध्ये आणि कोडिंग फ्लोअरवर, दोन्ही ठिकाणी माणसं याच जागी अडलेली पाहिली आहेत.

काही गोष्टी परिस्थितीवर ठरतात, त्या आधी सांगून टाकते. एन्काउंटर, म्हणजे पेशंटची भेट, इनपेशंट (दाखल होऊन) आहे की आउटपेशंट, यावर नियमच बदलतो. कोडिंग करताना सही झालेलं इंटरप्रिटेशन चार्टमध्ये होतं की नाही, यावर उत्तर बदलतं. तुम्ही फॅसिलिटीसाठी (हॉस्पिटलच्या बिलासाठी) कोड करताय की प्रोफेशनल फीसाठी (डॉक्टरच्या बिलासाठी), यावर प्रोसीजरची बाजू बदलते. शिवाय प्रत्येक पेयरची, म्हणजे क्लेमचे पैसे देणाऱ्या विमा कंपनीची किंवा योजनेची, स्वतःची पॉलिसी असते. मेडिकेअर या अमेरिकन सरकारी विमा योजनेच्या बाबतीत त्या त्या भागातल्या कॉन्ट्रॅक्टरची लोकल कव्हरेज डिटर्मिनेशन, म्हणजे एलसीडी, असते. क्लायंटने दिलेल्या गाइडलाइन वेगळ्याच. त्यामुळे पुढे जे लिहितेय ते आयसीडी-१०-सीएमच्या, म्हणजे अमेरिकेतल्या निदानाच्या कोडच्या यादीच्या, अधिकृत मार्गदर्शक तत्त्वांना धरून आहे. पेयरची यादी तुम्हाला स्वतः उघडून बघावी लागेल.

आता मूळ नियम. मार्गदर्शक तत्त्वांच्या चौथ्या विभागात आउटपेशंटसाठी स्पष्ट लिहिलंय की प्रोबेबल, सस्पेक्टेड, क्वेश्चनेबल, रूल आउट, कम्पॅटिबल विथ, कन्सिस्टंट विथ, वर्किंग डायग्नोसिस किंवा अशाच अनिश्चित शब्दांत मांडलेलं निदान कोड करायचं नाही. जेवढी खात्री त्या भेटीत आहे तेवढ्यापुरतंच कोड करायचं: लक्षण, चिन्ह, ॲबनॉर्मल रिझल्ट किंवा भेटीचं दुसरं कारण. तुमच्या चार्टमध्ये ‘रूल आउट’ आणि ‘कन्सिस्टंट विथ’ हे दोन्ही शब्द या यादीत जसेच्या तसे आहेत. म्हणजे ऑर्डरवरूनही जे४४.९ मिळत नाही आणि इंटरप्रिटेशनवरूनही नाही.

तुमच्या सीनिअरचा गोंधळ कुठून आला असेल याचा मला अंदाज आहे. इनपेशंटमध्ये नियम उलटा आहे. तिथे डिस्चार्जच्या वेळी ‘प्रोबेबल सीओपीडी’ लिहिलेलं असेल तर ते निदान आहे असं धरून कोड करतात. वर्षानुवर्षं इनपेशंट केलेला माणूस आउटपेशंटमध्ये आला की हा हात आपोआप तिकडे वळतो. पण इनपेशंटमध्येसुद्धा तो शब्द उपचार करणाऱ्या डॉक्टरच्या शेवटच्या नोंदीत लागतो. नुसत्या पीएफटी रिपोर्टमधला ॲबनॉर्मल आकडा तिथेही कोड होत नाही, जोपर्यंत डॉक्टर त्याचं क्लिनिकल महत्त्व लिहीत नाही.

याच चौथ्या विभागात फक्त तपासणीसाठी आलेल्या पेशंटबद्दल आणखी एक तरतूद आहे, ती लोक अर्धीच लक्षात ठेवतात. चाचणीचं इंटरप्रिटेशन डॉक्टरने केलेलं असेल आणि अंतिम रिपोर्ट कोडिंगच्या वेळी उपलब्ध असेल, तर त्यातलं निश्चित निदान कोड करायचं, आणि मग त्याच्याशी जोडलेली लक्षणं वेगळी लावायची नाहीत. म्हणजे पल्मोनोलॉजिस्टने ‘मॉडरेट सीओपीडी’ असं ठामपणे लिहून सही केली असती, तर जे४४.९ बरोबर ठरला असता आणि धाप लागण्याचा कोड गळला असता. सगळा फरक त्या एका ‘कन्सिस्टंट विथ’ने पडलाय.

मग ‘माइल्ड ऑब्स्ट्रक्शन’चं काय? इथे मला लॅबच्या बाजूने थोडं सविस्तर बोलू द्या, कारण आकड्याला निदान का म्हणायचं नाही हे कळलं की नियम पाठ करावा लागत नाही.

स्पायरोमीटर मोजतो दोन मुख्य गोष्टी: पूर्ण श्वास घेऊन जोरात फुंकल्यावर एकूण किती हवा बाहेर आली, म्हणजे एफव्हीसी, आणि त्यातली पहिल्या सेकंदात किती आली, म्हणजे एफईव्ही-१. दोघांचं गुणोत्तर कमी असेल तर हवेच्या मार्गात अडथळा आहे असं म्हणतात. गोल्ड या सीओपीडीच्या जागतिक मार्गदर्शिकेत ब्रॉन्कोडायलेटर दिल्यानंतरचं गुणोत्तर ०.७० पेक्षा कमी, असा निकष आहे. पण हे गुणोत्तर वयाबरोबर निरोगी माणसातही घसरतं. म्हणून ०.७० ची ठरीव रेषा वापरली की काही निरोगी वृद्ध माणसं आजारी ठरतात आणि काही तरुण पेशंट निसटतात. अमेरिकन थोरॅसिक सोसायटी आणि युरोपियन रेस्पिरेटरी सोसायटीच्या मानकांत त्याऐवजी एलएलएन वापरतात: त्या वयाच्या, उंचीच्या, लिंगाच्या निरोगी लोकांमधली खालची ५ टक्क्यांची रेषा, झेड-स्कोअरमध्ये (सरासरीपासून किती दूर ते सांगणाऱ्या मापात) उणे १.६४५. एकाच पेशंटचा एकच आकडा एका निकषाने ऑब्स्ट्रक्शन आणि दुसऱ्याने नॉर्मल येऊ शकतो. मशीनमध्ये अपेक्षित मूल्य काढायचं कोणतं समीकरण भरलंय यावरही ते ठरतं. २०२३ मध्ये अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने वंशावर आधारित समीकरणं सोडून एकच सरासरी समीकरण वापरण्याची शिफारस केली. लॅबने ते बदललं की फुप्फुसात काहीही फरक न पडता पेशंटची टक्केवारी हलते.

ब्रॉन्कोडायलेटरच्या प्रतिसादाचंही तसंच. २००५ च्या मानकात एफईव्ही-१ किंवा एफव्हीसी १२ टक्के आणि २०० मिली, दोन्हींनी वाढलं तर प्रतिसाद आहे असं म्हणत. २०२२ मध्ये छापून आलेल्या नव्या मानकात अपेक्षित मूल्याच्या १० टक्क्यांहून जास्त वाढ, असा निकष आहे. तुम्ही प्रिंट हातात घेऊन टक्के काढत बसलात आणि ‘प्रतिसाद आहे म्हणजे अस्थमा’ असं धरलंत, तर तुम्ही कोडिंग सोडून निदान करायला लागलात. तो अधिकार आपल्याला नाही. तसंच ‘एफव्हीसी कमी म्हणजे रेस्ट्रिक्शन (फुप्फुस पुरेसं न फुगणं)’ हे फक्त स्पायरोमेट्रीवरून डॉक्टरही ठामपणे म्हणत नाहीत. त्यासाठी टोटल लंग कपॅसिटी, म्हणजे पूर्ण श्वास घेतल्यावर फुप्फुसात मावणारी एकूण हवा, मोजावी लागते. पेशंटने अर्धवट फुंकलं तरी एफव्हीसी कमीच येतं. टेक्निशियन ‘अजून, अजून, अजून’ म्हणून ओरडत असते ती उगाच नाही. २०१९ च्या मानकानुसार एफईव्ही-१ आणि एफव्हीसीला ए पासून एफ पर्यंत दर्जा देतात. प्रौढांमध्ये ए मिळायला किमान तीन स्वीकारार्ह प्रयत्न आणि सर्वांत चांगल्या दोन प्रयत्नांत १५० मिलीपेक्षा जास्त फरक नको. दर्जा डी असलेल्या चाचणीवरचं मशीनचं वाक्य आणि दर्जा ए असलेल्या चाचणीवरचं वाक्य प्रिंटवर सारखंच ठळक दिसतं. तो फरक बघून अर्थ लावायचं काम डॉक्टरचं आहे, म्हणून कोडिंगसाठी डॉक्टरने लिहून सही केलेलाच मजकूर धरायचा. मशीनने आपोआप छापलेल्या ओळीला कोडिंगच्या दृष्टीने काहीही किंमत नाही.

आता तुमचा चार्ट प्रत्यक्ष कसा कोड झाला असता ते बघू. ऑर्डरवर लक्षण नाही, तर ज्या भेटीत ही ऑर्डर दिली गेली त्या भेटीची नोट उघडा. तिथे समजा डॉक्टरांनी लिहिलंय, शॉर्टनेस ऑफ ब्रेथ (धाप) आणि क्रॉनिक कफ (जुना खोकला), आणि पेशंट रोज सिगारेट ओढतो, निकोटीन डिपेंडन्स (व्यसन). मग पहिला धापेचा आर०६.०२, त्याखाली जुन्या खोकल्याचा आर०५.३, त्याखाली आर९४.२, कारण डॉक्टरने इंटरप्रिटेशनमध्ये रिझल्ट ॲबनॉर्मल असल्याचं लिहिलंय, आणि शेवटी सिगारेटच्या व्यसनाचा एफ१७.२१०. सिगारेट सोडलेली असेल तर त्याऐवजी झेड८७.८९१. खोकल्याबाबत एक सूचना: १ ऑक्टोबर २०२१ पासून आर०५ चे तुकडे झालेत, आता नुसता आर०५ चालत नाही. आणि ‘खोकला’ एवढंच लिहिलं असेल तर तो किती आठवडे आहे याचा हिशोब तुम्ही करून आर०५.३ लावू नका, आर०५.९ (प्रकार न सांगितलेला खोकला) वर थांबा.

आर९४.२ पहिल्या जागी का चालला नाही, ते आता दिसेल. तो चाचणीतून बाहेर आलेला निकाल आहे. पेयरचा प्रश्न असतो की चाचणी करावीशी का वाटली, आणि त्याचं उत्तर त्या कोडमध्ये नाही. अपवाद एकच मोठा: मागची पीएफटी ॲबनॉर्मल आली म्हणून पुन्हा चाचणीला बोलावलं असेल, तर आर९४.२ हेच कारण असतं आणि तो पहिला येऊ शकतो.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर: सही झालेल्या रिपोर्टमध्ये ठाम निदान असेल तर ते घ्या. नसेल तर ऑर्डरमागचं लक्षण किंवा आधीपासून माहीत असलेला आजार घ्या आणि ॲबनॉर्मल रिझल्ट त्याच्या मागे लावा. मशीनची ओळ आणि स्वतःचा अंदाज कुठेच घेऊ नका.

‘आधीपासून माहीत असलेला आजार’ म्हटलं, त्यावरही प्रश्न येतात. मॉडरेट पर्सिस्टंट अस्थमाचा पेशंट फॉलोअपच्या पीएफटीला आला आणि चाचणी नॉर्मल निघाली, तरी जे४५.४० राहतो. औषधांनी अस्थमा आटोक्यात असला की आकडे चांगले येणारच; त्याने निदान पुसलं जात नाही. ऑपरेशनआधीची पीएफटी वेगळी. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या लोबचा कॅन्सर काढायचाय आणि उरलेलं फुप्फुस पुरेल का बघायचंय, तर पहिला झेड०१.८११ (ऑपरेशनआधीची श्वसनाची तपासणी), मग ज्यासाठी ऑपरेशन आहे तो सी३४.११, आणि चाचणीत काही निघालं तर ते त्यानंतर. अमिओडारोन या हृदयाच्या अनियमित ठोक्यांवरच्या औषधावर असलेल्या पेशंटची डिफ्युजन टेस्ट (फुप्फुसातून रक्तात वायू किती जातो ते मोजणारी) फुप्फुसाला इजा होतेय का हे बघायला करतात, तिथे ज्या आजारासाठी औषध चालू आहे तो आणि झेड७९.८९९ (दीर्घकाळ चालू असलेलं औषध). झेड५१.८१ तिथे सवयीने लावलेला दिसतो, पण त्याचं नावच रक्तातली औषधाची पातळी तपासण्याबद्दल आहे. सिलिकाच्या धुळीत काम करणाऱ्या कामगारांची कायद्याने ठरलेली तपासणी मालकाच्या खर्चाने होते, ती आरोग्य विम्याच्या क्लेममध्ये यायलाच नको.

काहीच लक्षण नसलेला, पण सिगारेट ओढणारा माणूस हा सर्वांत नाजूक प्रकार. यूएस प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सने लक्षणं नसलेल्या प्रौढांमध्ये सीओपीडीसाठी स्क्रीनिंग करू नये अशी शिफारस २०१६ मध्ये केली आणि २०२२ मध्ये ती कायम ठेवली. अशा वेळी प्रामाणिक कोड झेड१३.८३ (श्वसनाच्या आजाराचं स्क्रीनिंग) आहे, आणि पेयर तो बहुधा नाकारेल. नाकारू दे. नोटमध्ये नसलेली धाप केवळ क्लेम पास व्हावा म्हणून कुणी ‘असेलच’ म्हणून लावत असेल, तर तो खोटा क्लेम आहे, मग तो कितीही छोटा असो. जे४४.९ च्या बाबतीतही मी इतकी आग्रही आहे ती पेशंटसाठी. हा कोड एकदा रेकॉर्डमध्ये शिरला की प्रॉब्लेम लिस्टमध्ये, पुढच्या डॉक्टरच्या नोटमध्ये, विम्याच्या कागदांत फिरत राहतो. मेडिकेअर ॲडव्हान्टेजच्या (खाजगी कंपन्यांमार्फत चालणाऱ्या मेडिकेअरच्या) रिस्क ॲडजस्टमेंटमध्येही, म्हणजे पेशंटच्या आजारांवरून कंपनीला मिळणारी रक्कम ठरवताना, तो धरला जातो, म्हणून ऑडिटरचं लक्ष त्यावर असतंच. ज्या माणसाला तो आजार नाही त्याच्या नावावर तो आपण चिकटवायचा नाही.

ऑर्डरवर लक्षण नाही, नोटही मिळत नाही, असं झालं तर क्वेरी, म्हणजे डॉक्टरला लेखी विचारणा. मेडिकेअरच्या पेशंटसाठी, १९९७ च्या बॅलन्स्ड बजेट ॲक्टनुसार चाचणी सांगणाऱ्या डॉक्टरने ऑर्डर देतानाच निदानाची माहिती चाचणी करणाऱ्याला द्यायची असते, त्यामुळे तुम्ही काही उपकार मागत नाही आहात. पण क्वेरी सरळ हवी. ‘सीओपीडी लिहाल का, म्हणजे क्लेम पास होईल’ हे कधीच नाही. पैशाचा उल्लेख क्वेरीत येता कामा नये. ‘अमुक तारखेची पीएफटी ज्या लक्षणासाठी, चिन्हासाठी किंवा निदानासाठी सांगितली ते कृपया नोंदवावं’ एवढं पुरेसं आहे. इंटरप्रिटेशनबाबत विचारायचं असेल तर रिपोर्टमधली त्यांची वाक्यं जशीच्या तशी द्या आणि पर्याय खुले ठेवा, त्यात ‘निदान आत्ता ठरवता येत नाही’ हाही एक.

माझ्या अनुभवात एकेका क्वेरीपेक्षा जास्त फायदा होतो तो ऑर्डर फॉर्म बदलल्याने. क्लायंटच्या सिस्टिममध्ये पीएफटीची ऑर्डर टाकताना ‘लक्षण किंवा माहीत असलेला आजार’ हा रकाना भरल्याशिवाय ऑर्डर पुढे जाऊ नये, असं करून घ्या. तुमच्या पातळीवर हे होणार नाही, पण दर महिन्याच्या डिनायल रिपोर्टमध्ये ‘ऑर्डरवर फक्त रूल आउट’ हे कारण वेगळं मोजून लीडकडे (टीमच्या प्रमुखाकडे) दिलंत तर क्लायंटला ते दिसेल.

प्रोसीजरचं, म्हणजे केलेल्या चाचणीच्या कोडचं, तुम्ही विचारलं नाहीत, तरी तुमच्या चार्टपुरतं सांगते. ब्रॉन्कोडायलेटरआधी आणि नंतर स्पायरोमेट्री झाली म्हणजे ९४०६०. त्यात ९४०१० (साधी स्पायरोमेट्री) आलंच, वेगळं लावायचं नाही, आणि त्यासाठी दिलेल्या औषधाच्या वाफेचा ९४६४० पण नाही. मात्र नोंदीत औषधाचं नाव, डोस, वेळ आणि दोन्ही वेळचे आकडे व आलेख हवेत. पेशंटला त्रास झाला म्हणून दुसरी फेरी झालीच नाही तर ते ९४०१० होतं. डिफ्युजनचा ९४७२९ हा ॲड-ऑन आहे, एकटा जात नाही. डॉक्टरच्या क्लेमवर मॉडिफायर २६ (फक्त इंटरप्रिटेशनचं काम दाखवणारी जोड) लावायला त्याचं स्वतःचं लेखी, सही केलेलं इंटरप्रिटेशन लागतं. प्रिंटच्या कोपऱ्यात ‘ॲग्री’ लिहून केलेल्या सहीवर मी ते पास करत नाही.

एक छोटी सूचना, कारण तुमच्यासारखे बरेच जण इथल्या हॉस्पिटलच्या मेडिकल रेकॉर्डमधून अमेरिकन कोडिंगकडे येतात. आपल्याकडे जागतिक आरोग्य संघटनेचं मूळ आयसीडी-१० वापरतात. त्यात खोकला नुसता आर०५ आहे आणि धाप आर०६.०. जुन्या सवयीने तो कोड टाकला तर सिस्टिम तो अपूर्ण म्हणून परत करेल.

आता तुमचे दोन चार्ट. दुसरा, डिनाय झालेला: ऑर्डरच्या तारखेची नोट उघडा. त्या दिवशी लक्षण लिहिलेलं असेल तर ते पहिलं लावून करेक्टेड क्लेम पाठवता येईल. मेडिकेअरसाठी क्लेमची मुदत सेवेच्या तारखेपासून एक वर्ष असते, इतर पेयरची बहुधा कमी, तेव्हा लगेच बघा. नोटमध्ये लक्षण नसेल तर डॉक्टरला क्वेरी करा, पण डिनायल आल्यावर मागाहून जोडलेल्या नोंदीकडे पेयर संशयाने बघतो हे लीडला आधीच सांगून ठेवा. पहिला, जे४४.९ लावलेला: तो क्लेम गेला असेल आणि त्याचे पैसे आले असतील, तरीही तो दुरुस्त व्हायला हवा. क्यूएने एरर काढली म्हणजे ती तुमच्या कंपनीला माहीत झाली आहे, त्यामुळे ‘पेमेंट आलंय, राहू दे’ हा पर्याय उरत नाही. लीडला ई-मेलने कळवा, चार्ट नंबर आणि नियमाचा विभाग लिहून, आणि दुरुस्त क्लेम गेल्याची नोंद परत मागून घ्या.